‘द नॅशनल’च्या पाच जणांचे स्वतंत्र काम कसे शोधावे आणि कसे ऐकावे

‘द नॅशनल’ या अमेरिकन इंडी बँडचा ‘ट्रबल विल फाइंड मी’ हा अल्बम 2013 साली आला आणि त्यापुढचा ‘स्लीप वेल बीस्ट’ 2017 साली. मधल्या चार वर्षांत बँडच्या नावावर एकही नवा स्टुडिओ अल्बम नव्हता आणि मी ती वर्षे जुनीच गाणी पुन्हा पुन्हा ऐकण्यात घालवली. पुढे केव्हातरी वहीत हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आले की याच काळात बँडच्या सदस्यांनी वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या सोबत्यांबरोबर निदान आठ अल्बम केले होते. गिटारवादक ब्राइस डेसनरचे ‘अहाइम’ (2013) आणि ‘सेंट कॅरोलिन बाय द सी’ (2014), गायक मॅट बर्निंजरचा ‘रिटर्न टू द मून’ (2015), ड्रमर ब्रायन डेव्हेनडॉर्फचे ‘गनेरा’ (2015) आणि ‘अवर पुरम’ (2016), दोघा डेव्हेनडॉर्फ बंधूंचा ‘लान्झेनडॉर्फ’ (2016), डेसनर बंधूंनी जमवून आणलेला ‘डे ऑफ द डेड’ (2016) आणि ब्राइस ज्यात चौघांपैकी एक आहे तो ‘प्लॅनेटेरियम’ (2017). हे सारे माझ्या हाताशी होते आणि मला पत्ता नव्हता.

ज्यांना एखादा बँड मनापासून आवडतो, पण ज्यांचे ऐकणे बँडच्या नावापाशीच थांबते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण एकच घेतले आहे, कारण एक बँड नीट उलगडून पाहिला की तीच पद्धत दुसरीकडे लावता येते. ‘द नॅशनल’ हे उदाहरण सोयीचे आहे. 1999 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये हा बँड जमला, पण त्यातले पाचही जण मूळचे ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचे. आरन आणि ब्राइस डेसनर हे जुळे भाऊ, स्कॉट आणि ब्रायन डेव्हेनडॉर्फ ही भावांची दुसरी जोडी, आणि गायक मॅट बर्निंजर. इतक्या वर्षांत हे पाच जण बदललेले नाहीत, त्यामुळे कोणाचा हात कोणता हे ओळखणे इथे शक्य होते.

आधी घरातले हात ओळखावेत

बहुतेक जण साइड प्रोजेक्ट, म्हणजे सदस्यांचे बँडबाहेरचे काम, शोधताना गायकापासून सुरुवात करतात. आवाज ओळखीचा असल्यामुळे ते साहजिकही आहे. पण गायकाचा स्वतंत्र अल्बम ऐकून ‘हे बँडसारखे नाही’ अशी निराशा पदरी पडते आणि शोध तिथेच संपतो. माझा सल्ला असा की बाहेर पाऊल टाकण्यापूर्वी बँडचेच एक गाणे घेऊन त्यात प्रत्येक जण नेमके काय करतो हे कानाने वेगळे काढावे. बैठकीला आपण गवयासाठी जातो, पण तबलजीचा हात कानात बसला की पुढे त्याचे एकल वादन ऐकायलाही जातो. तसाच हा प्रकार आहे.

यासाठी ‘बॉक्सर’ (2007) या अल्बममधले पहिले गाणे ‘फेक एम्पायर’ घ्यावे. हेडफोन लावून ते एकाच बैठकीत चार वेळा ऐकावे आणि दर वेळी लक्ष एकाच गोष्टीवर ठेवावे. पहिल्या वेळी फक्त पियानो. डाव्या हाताने मांडीवर तीन सारखे ठोके द्यावेत आणि तेवढ्याच अवधीत उजव्या हाताने चार द्यावेत. सुरुवातीला हात अडखळतील, पण दोन-तीन मिनिटांत जमते. तबला शिकलेल्यांना ही तीनात चारची लय लगेच कळेल. पियानोची सबंध चाल या गुंत्यावर उभी आहे आणि बर्निंजर त्यावरून इतक्या सहजपणे गातो की खाली असे काही चालले आहे याची शंकासुद्धा येत नाही. हा गुंता ब्राइसच्या डोक्यातून आलेला आहे. त्याने येल विद्यापीठात संगीताचे उच्च शिक्षण घेतले आहे, तो शास्त्रीय गिटार शिकलेला आहे, आणि अशा लयींचे त्याला असलेले वेड आपल्याला पुढे त्याच्या प्रत्येक कामात भेटणार आहे.

दुसऱ्या वेळी ड्रम्स ऐकावेत. ते सुरुवातीला नाहीतच, गाणे बरेच पुढे सरकल्यावर येतात, आणि आल्यावर गाण्याची सारी चाल बदलते. हा ब्रायन डेव्हेनडॉर्फ. तिसऱ्या वेळी स्कॉटचा बेस आणि गिटार ऐकावेत, आणि चौथ्या वेळी शेवटचा भाग, जिथे तुताऱ्यांसारखी वाद्ये एकमेकांच्या अंगावर येत गाणे वर नेतात. ही वाद्यरचना पाचांपैकी कोणाचीही नाही. ती पद्मा न्यूसम या ऑस्ट्रेलियन संगीतकाराची आहे (नाव ऐकून आपल्याला दुसरेच काही वाटेल, पण हे गृहस्थ व्हायोला वाजवतात). बँडच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यांपैकी एकाचा कळस बाहेरच्या माणसाने रचला आहे, हे कळताच मनात प्रश्न येतो की हा माणूस कोण आणि तो आणखी कुठे भेटेल. शोधाला खरी सुरुवात होते ती या प्रश्नापासून.

श्रेयनामावली वाचावी, आणि वही ठेवावी

स्ट्रीमिंग ॲपवर गाण्याचे श्रेय दाखवणारे पान असते, पण त्यात बहुधा गीतकार, संगीतकार आणि निर्माता एवढीच नावे येतात. एका गाण्यात ट्रॉम्बोन कोणी वाजवला हे तिथे अनेकदा सापडत नाही. त्यासाठी सीडीची किंवा एलपीची पुस्तिका उत्तम. ती नसेल तर डिस्कॉग्स या संकेतस्थळावर अल्बमच्या निरनिराळ्या आवृत्त्यांची श्रेये लोकांनी पुस्तिकेवरून उतरवून ठेवलेली आहेत. बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर अल्बमच्या पानाच्या तळाशी कलाकार स्वतः श्रेये देतात आणि ती बरीच तपशीलवार असतात.

मी एका दोनशे पानी वहीत प्रत्येक अल्बमला एक पान दिले आहे. पानाच्या डाव्या बाजूला नाव, मध्ये वाद्य किंवा काम, आणि उजवीकडे तेच नाव आणखी कुठे दिसले त्याची नोंद. उजवीकडचा रकाना पहिले काही आठवडे मोकळाच राहतो, मग अचानक भरू लागतो. ‘बॉक्सर’च्या पानावर सुफ्यान स्टीव्हन्स या अमेरिकन गायक-संगीतकाराचे नाव दोन गाण्यांवर पियानोसाठी आहे, बरोबर दहा वर्षांनी तोच ब्राइसबरोबर ‘प्लॅनेटेरियम’मध्ये आहे. ‘हाय व्हायोलेट’च्या (2010) पानावर मागे गाणाऱ्यांत बोन इव्हेर या बँडच्या जस्टिन व्हर्ननचे नाव आहे, आणि 2018 साली तो आरनबरोबर ‘बिग रेड मशीन’ नावाने पूर्ण अल्बम करतो. ‘द नॅशनल’च्या दौऱ्यांत ट्रॉम्बोन वाजवणारा बेन लान्झ डेव्हेनडॉर्फ बंधूंच्या बँडचा तिसरा माणूस होतो. माझा साधा नियम असा आहे की एखादे नाव तीन वेगवेगळ्या पानांवर आले की त्या माणसाचे स्वतःचे काम एकदा तरी ऐकायचे. या नियमाने मला क्वचितच फसवले आहे.

शोधताना नावांचा एक व्यावहारिक अडथळा येतो. डेव्हेनडॉर्फ बंधूंच्या बँडचे नाव रोमन लिपीत सगळे स्वर गाळून लिहिलेले आहे. लान्झ आणि डेव्हेनडॉर्फ या आडनावांच्या जोडातून उरलेली ती सात व्यंजने (एल-एन-झेड-एन-डी-आर-एफ) आहेत, आणि ती तशीच टंकली तरच बँड सापडतो. ब्राइसच्या ‘क्लॉग्ज’ या गटाचे नाव टंकले की पादत्राणेच जास्त सापडतात. अशा वेळी नावाबरोबर लेबलचे, म्हणजे अल्बम प्रकाशित करणाऱ्या कंपनीचे, नाव जोडावे. डेसनर बंधूंनी एका मित्राबरोबर 2001 साली सुरू केलेले ‘ब्रासलँड’ हे लेबल त्या दृष्टीने फार उपयोगी आहे, कारण त्याची सबंध यादी चाळली की या मंडळींचे मित्रमंडळच डोळ्यांसमोर येते.

ब्राइसपासून सुरुवात, पण योग्य क्रमाने

मी चुकीच्या दारातून शिरलो होतो. क्रोनोस क्वार्टेट या चार जणांच्या वाद्यवृंदाने वाजवलेला ब्राइसचा ‘अहाइम’ मी सकाळच्या लोकलमध्ये, फोनच्या सोबत मिळालेल्या साध्या इअरफोनवर ऐकायला घेतला. व्हायोलिनच्या गजांचे आघात आणि डब्याचा खडखडाट यांची अशी सरमिसळ झाली की दोन स्थानकांत मी तो बंद केला आणि पुढे वर्षभर त्याच्या वाटेला गेलो नाही. दोष संगीताचा नव्हता. ‘अहाइम’ या यिडिश शब्दाचा अर्थ ‘घराकडे’ असा आहे. पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेल्या आपल्या ज्यू आजी-आजोबांच्या स्थलांतराच्या कहाण्यांतून ब्राइसने ही रचना केली. घरी, दार लावून, चांगल्या स्पीकरवर ऐकली तेव्हा तिच्यातली धाव, मध्येच थबकणे, पुन्हा निघणे हे सारे कळले. आणि त्याहून आनंदाची गोष्ट म्हणजे ‘फेक एम्पायर’मधला लयीचा गुंता तिथे शब्दांविना, उघडपणे, चार तंतुवाद्यांवर चाललेला दिसला.

म्हणून ब्राइसच्या बाबतीत क्रम पाळावा असे मला कळकळीने वाटते. आधी ‘क्लॉग्ज’. ब्राइस, पद्मा न्यूसम, बासून हे फुंकवाद्य वाजवणारी रेचल एलियट आणि तालवाद्ये वाजवणारा थॉमस कोझम्प्लिक यांचा हा गट येलच्या दिवसांतला आहे. त्यांचा 2010 चा ‘द क्रीचर्स इन द गार्डन ऑफ लेडी वॉल्टन’ हा अल्बम इटलीतल्या इस्किया बेटावरच्या एका बागेवरून सुचलेला आहे. त्यात मानवी आवाज आहेत, आणि ‘लास्ट साँग’ या गाण्यात तर साक्षात बर्निंजर गातो. ओळखीचा आवाज, पण भोवती ड्रम्स नाहीत, इलेक्ट्रिक गिटारची भिंत नाही, फक्त लाकडी वाद्यांची हळुवार वीण. कानाला नव्या घरात रुळवण्यासाठी याहून चांगला उंबरठा नाही. मग ‘प्लॅनेटेरियम’, जिथे सुफ्यान स्टीव्हन्स, निको म्युली आणि जेम्स मॅकॲलिस्टर यांच्यासह सूर्यमालेवरची गाणी आहेत. त्यानंतर ‘अहाइम’, आणि मग चित्रपट. ‘द रेव्हनंट’ (2015) च्या संगीतात र्‍युइची साकामोतो आणि आल्वा नोटो यांच्याबरोबर ब्राइसचेही काम आहे, आणि ‘द टू पोप्स’ (2019) चे संगीत त्याचे आहे. चित्रपट पाहिलेला असेल तरी संगीत वेगळे काढून एकदा ऐकावे.

आरन: भावाच्या नावाचे गाणे आणि रबराची घोडी

‘बिग रेड मशीन’चे दोन अल्बम आहेत. लोक पहिल्यापासून (2018) सुरुवात करतात आणि त्यातल्या तुटक, प्रयोगशील ध्वनींमुळे बिचकतात. दुसऱ्यापासून (2021) करावी. त्यात पाहुणे गायक पुष्कळ आहेत, पण आपल्याला हवे ते गाणे ‘ब्रायसी’ आहे. ते आरन स्वतः गातो, आणि ते त्याच्या जुळ्या भावाविषयी, तरुणपणीच्या नैराश्यात त्याने दिलेल्या आधाराविषयी आहे. इतकी वर्षे बँडमध्ये गिटार आणि पियानोच्या आडून बोलणारा माणूस इथे प्रथमच स्वतःच्या आवाजात, जरा संकोचून, भावाला हाक मारताना ऐकू येतो. मला हे गाणे ऐकल्यावर ‘द नॅशनल’च्या मंचावरचे ते दोन एकसारखे दिसणारे गिटारवादक पुन्हा पूर्वीसारखे अनोळखी वाटले नाहीत.

मग मागे जावे. या प्रकल्पाचे बीज 2009 च्या ‘डार्क वॉज द नाइट’ या संकलनात आहे. एड्सविषयक कामासाठी निधी उभारणाऱ्या रेड हॉट या संस्थेसाठी डेसनर बंधूंनी तो 31 गाण्यांचा दुहेरी अल्बम जमवला, आणि त्यासाठी आरनने व्हर्ननला पाठवलेल्या एका सुरावटीवर व्हर्ननने जे गाणे रचले त्याचे नाव ‘बिग रेड मशीन’ होते. हे नाव सिनसिनाटीच्या बेसबॉल संघाला 1970 च्या दशकात मिळालेले टोपणनाव आहे. म्हणजे गावाकडची आठवण ब्रुकलिनमार्गे विस्कॉन्सिनच्या गायकाकडे गेली आणि नऊ वर्षांनी अल्बम होऊन परतली.

आरनचे दुसऱ्यांसाठी केलेले निर्मितीचे काम अफाट आहे आणि त्यात हरवून जाण्याचा धोका आहे. टेलर स्विफ्टच्या ‘फोकलोर’ (2020) या अल्बममधल्या 16 पैकी 11 गाण्यांच्या निर्मितीत तो आहे, आणि त्या अल्बमला 2021 साली वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. शिवाय एड शीरन, ग्रेसी अब्राम्स, लोकल नेटिव्ह्ज, फ्रायटन्ड रॅबिट अशी नावे आहेत. हे सारे ऐकण्याचा अट्टहास करू नये. दोनच निवडावेत. एक शेरॉन व्हॅन एटनचा ‘ट्रॅम्प’ (2012), जो आरनच्या ब्रुकलिनमधल्या घरामागच्या गॅरेजात ध्वनिमुद्रित झाला आणि म्हणून ‘हाय व्हायोलेट’च्या आसपासचा त्याचा कान जसाच्या तसा दाखवतो. दुसरा ‘फोकलोर’. त्यात ‘इन्व्हिजिबल स्ट्रिंग’ हे गाणे लावून केवळ गिटार ऐकावी. त्या गिटारच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, रबर बसवलेले आहे, त्यामुळे तार छेडताच नाद दबतो, खणखणीत न वाजता कोरड्या लाकडावर बोट मारल्यासारखा उठतो आणि लगेच विरतो. सतारीच्या घोडीची जवारी बिघडली की नाद कसा बदलतो हे ज्याने ऐकले आहे, त्याला घोडीवरच्या एवढ्याशा फरकाचे महत्त्व सांगायला नको. तो दबका नाद एकदा कानात बसला की आरनचा हात इतर अल्बमांतही ओळखू येऊ लागतो.

आणखी एक लहानशी खूण. ‘स्लीप वेल बीस्ट’च्या मुखपृष्ठावर दिसणारी इमारत म्हणजे हडसन खोऱ्यातला आरनचा ‘लाँग पाँड’ हा स्टुडिओ. तेच नाव ‘फोकलोर’च्या स्टुडिओतल्या चित्रीकरणावरही आहे. स्टुडिओच्या नावावरून शोध घेणे ही माणसांच्या नावांइतकीच भरवशाची वाट आहे.

मॅटचे अल्बम

याविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते शोधणे सोपे आहे. ‘एल व्हाय’ या नावाने ब्रेंट नॉफबरोबर केलेला ‘रिटर्न टू द मून’ अधिक खेळकर आहे, आणि बर्निंजरला विनोद किती छान जमतो ते तिथे कळते. ‘सर्पंटाइन प्रिझन’ (2020) हा त्याचा पहिला एकल अल्बम, निर्माता बुकर टी. जोन्स. निर्माता म्हणून जोन्सच का, तर त्याने 1978 साली विली नेल्सनच्या ‘स्टारडस्ट’ची निर्मिती केली होती आणि बर्निंजरला तो अल्बम लहानपणापासून प्रिय होता. म्हणून ‘सर्पंटाइन प्रिझन’नंतर लगेच ‘स्टारडस्ट’ ऐकावा. साइड प्रोजेक्टची वाट अशी मागच्या पिढीतही नेते. त्याचा दुसरा एकल अल्बम ‘गेट संक’ 2025 चा आहे.

ब्रायन, स्कॉट आणि पुण्यापर्यंत येणारी वाट

ताल विभागाकडे सर्वांत कमी लोक वळतात आणि मला सर्वांत जास्त आनंद तिथेच मिळाला. ‘लान्झेनडॉर्फ’चा पहिला अल्बम (2016) लांबलचक, उत्स्फूर्त वादनातून घडलेला आहे. ‘द नॅशनल’मध्ये ब्रायनचे ड्रम्स गाण्याच्या शब्दांना जागा देतात, इथे त्यांना कोणासाठी थांबायचे नाही. एकच चाल धरून तो कितीतरी मिनिटे जातो आणि स्कॉटचा बेस त्याच्या बाजूने, भाऊ चालावा तसा चालतो. त्यांचा दुसरा अल्बम 2021 चा आहे. ब्रायनचे एकट्याचे काम ‘रॉयल ग्रीन’ (2020) या नावाने आहे.

त्याचा आणखी एक बँड ‘फार्मर्स’. (रोमन लिपीत या नावाच्या आधी ‘पी’ हे एक जादा व्यंजन आहे, ‘फ’च्या उच्चाराला धक्का न लावणारे. शोधताना ते विसरू नये.) यात त्याच्याबरोबर ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या ‘मेनोमेना’ बँडचा डॅनी साइम आणि ट्रॉम्बोनवादक डेव्ह नेल्सन आहेत. हे नाव वहीत लिहिताना मी थबकलो, कारण ‘मेनोमेना’ उजव्या रकान्यात आधीच होते. ‘एल व्हाय’मधला ब्रेंट नॉफ पूर्वी त्याच बँडमध्ये होता. म्हणजे 2015 या एकाच वर्षी ‘द नॅशनल’चे दोन सदस्य, गायक आणि ड्रमर, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकाच दुसऱ्या बँडच्या दोन माणसांबरोबर अल्बम करत होते. ‘रिटर्न टू द मून’ आणि ‘गनेरा’ हे दोन्ही लागोपाठ ऐकून पाहावेत, आणि मग ‘मेनोमेना’कडे जावे.

‘फार्मर्स’च्या दुसऱ्या अल्बमचे नाव ‘अवर पुरम’. यातला पुरम म्हणजे ओरेगनमधले रजनीशपुरम. पुण्याच्या कोरेगाव पार्कातून रजनीश 1981 साली अमेरिकेला गेले, ओरेगनच्या ओसाड जमिनीवर त्यांच्या अनुयायांनी वसाहत उभारली, ती 1985 साली मोडली आणि 1987 साली ते पुण्याला परतले, ही कहाणी आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. ती अमेरिकेतल्या वादकांच्या कानात कशी उतरली हे ऐकणे पुण्याच्या माणसाला विलक्षण वाटते. मी तो अल्बम प्रथम ऐकला तेव्हा हे माहीत नव्हते. शीर्षकातल्या ‘पुरम’ या शब्दावर अडखळून शोध घेतला.

मोठ्या संकलनांशी कसे वागावे

‘डे ऑफ द डेड’ हे ग्रेटफुल डेड या बँडच्या गाण्यांचे संकलन 59 गाण्यांचे आहे आणि पाच तासांहून अधिक चालते. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला बसू नये. आधी खुद्द ‘द नॅशनल’ची गाणी ऐकावीत, मग यजमान वादकांचा गट कोणता हे पाहावे. बऱ्याच गाण्यांत गायक बदलतात, पण मागे वाजवणारी मंडळी तीच असतात, आणि त्यांत डेसनर आणि डेव्हेनडॉर्फ दोन्ही जोड्या आहेत. त्याच गटातला जॉश कॉफमन पुढे अनाइस मिचेल आणि एरिक जॉन्सन यांच्याबरोबर ‘बॉनी लाइट हॉर्समन’ करतो, आणि मिचेल ‘बिग रेड मशीन’च्या दुसऱ्या अल्बममध्ये गाते. इथवर पोहोचल्यावर वहीचा उजवा रकाना डाव्यापेक्षा जास्त भरलेला असतो.

विकत घेण्याविषयी

अशा अल्बमांचा श्रोता थोडा असतो, म्हणून आवडलेला एखादा तरी विकत घ्यावा असे मी आग्रहाने म्हणेन. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून साधारण 15 टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतून 10 टक्के स्वतःकडे ठेवते, उरलेले पैसे बँकेचे शुल्क वजा होऊन कलाकाराकडे किंवा लेबलकडे जातात. परदेशातून एलपी मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून किंमत सहज दुप्पट होऊ शकते, त्यामुळे आधी डिजिटल घ्यावे, आणि जो अल्बम वर्षभरानंतरही ऐकावासा वाटतो त्याचीच एलपी मागवावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदी वेष्टनांना बुरशी लागते. रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात, भिंतीला टेकवू नयेत, आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा कपाट उघडून हवा लागू द्यावी.

इथल्या बँडना हीच पद्धत

मुंबईच्या ‘पेंटाग्राम’वर ही पद्धत लावून पाहावी. गायक विशाल ददलानी चित्रपटसंगीतात विशाल-शेखर या जोडीतला एक, म्हणजे त्याचे बाहेरचे काम मूळ बँडपेक्षा कितीतरी जास्त लोकांपर्यंत पोहोचले. पण गिटारवादक रॅन्डॉल्फ कोरियाचा मोनिका डोग्राबरोबरचा ‘शायर अँड फंक’ ऐकल्यावर ‘पेंटाग्राम’मधले इलेक्ट्रॉनिक अंग कोणाचे होते ते कळते. ‘झीरो’ या मुंबईच्याच बँडमधला वॉरन मेंडोन्सा ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाने शब्दांविना गिटार वाजवतो, तर त्याच बँडचा सिद कूटो ‘टफ ऑन टोबॅको’मध्ये वेगळ्याच रंगात भेटतो. दोघांना ऐकून पुन्हा ‘झीरो’ लावला की एकाच गाण्यातले दोन स्वभाव वेगळे ऐकू येतात.

परत येणे

प्रत्येक सदस्याचा निदान एक अल्बम ऐकून झाला की मूळ बँडकडे परत यावे, आणि ते शक्यतो नव्या अल्बमाने करावे. ‘द नॅशनल’ने 2023 साली दोन अल्बम काढले. त्यातल्या दुसऱ्याचे, ‘लाफ ट्रॅक’चे, शेवटचे गाणे ‘स्मोक डिटेक्टर’ जवळपास आठ मिनिटांचे आहे आणि ते व्हँकूव्हरला कार्यक्रमापूर्वीच्या साउंडचेकच्या, म्हणजे ध्वनियंत्रणा तपासण्याच्या, वेळी ध्वनिमुद्रित झाले. ते लावावे आणि पहिल्यांदा बर्निंजरकडे लक्ष न देता फक्त ड्रम्स आणि बेस ऐकावेत. ‘लान्झेनडॉर्फ’ ऐकलेल्या कानाला ते दोघे भाऊ लगेच ओळखू येतात, एकच चाल धरून, कोणासाठी न थांबता पुढे जाणारे, आणि त्यांच्यावर डेसनर बंधूंच्या गिटारी एकमेकींना वाट देत फिरत असतात. त्यानंतर दुसऱ्यांदा लावून शब्द ऐकावेत.